उघाडी कुठे ठेवायची?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं : या वेळी गोपनीय माहिती जपणारं नेटवर्क

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांतली तीन इथे घेतली आहेत. विषयच असा आहे की पत्रलेखकांची आणि गावांची नावं मी मुद्दाम गाळली आहेत. मी अलिबाग तालुक्यात राहते आणि गेली बावीस वर्षं रोह्यापासून राजापूरपर्यंत दवाखाने, पतसंस्था आणि शाळांची नेटवर्कं बांधते. उत्तरं त्या कामातून आलेली आहेत.

प्रश्न : आमचं दापोली तालुक्यात पंधरा खाटांचं रुग्णालय आहे. मी आणि माझे यजमान दोघंही डॉक्टर. रिसेप्शनला दोन संगणक, मेडिकलमध्ये एक, लॅबमध्ये एक, एक्स-रे आणि सोनोग्राफीची यंत्रं, आमचे दोन लॅपटॉप, बारा कॅमेरे आणि नातेवाइकांसाठी वायफाय, असं सगळं एकाच राउटरवर चालतं. रुग्णांच्या नोंदी जिन्याखालच्या संगणकात असतात. एका विक्रेत्याने १,८०,००० रुपयांचा फायरवॉल सुचवलाय. तो बसवला की निर्धास्त व्हाल, असं ते म्हणतात. घ्यावा का?

उत्तर : डॉक्टर, फायरवॉल घ्या, पण त्याआधी एक कोरा कागद आणि पेन्सिल घ्या. तुमच्या पत्रातल्या ‘एकाच राउटरवर’ या दोन शब्दांशी मी थांबले. फायरवॉल बसतो तुमचं रुग्णालय आणि इंटरनेट यांच्यामध्ये. त्याच्यातून जे जातं-येतं तेवढंच त्याला दिसतं. बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकाचा फोन जिन्याखालच्या संगणकाशी बोलू लागला, तर ते बोलणं आतल्या आत फिरतं. फायरवॉलला त्याचा पत्ताच लागत नाही.

माझं माहेर खारपट्ट्यातलं. खाडीच्या कडेने मातीचा मोठा बांध आणि त्या बांधात उघाडी. भरती आली की पाण्याच्या दाबाने उघाडीचं दार आपोआप मिटतं. ओहोटी लागली की शेतातलं पाणी तेच दार ढकलून बाहेर पडतं. फायरवॉलचा पहिला नियम याच धर्तीवर असतो. आतून कुणी काही मागवलं असेल तर त्याचं उत्तर आत येऊ द्यायचं, बाहेरून आपण होऊन आलेलं काहीही अडवायचं. पण माझे आजोबा एकट्या मोठ्या बांधावर कधी विसंबले नाहीत. आत शेताशेताला बांध होते. उधाणाच्या भरतीत मोठ्या बांधाला खांड गेली, तर पहिलं शेत खारं व्हायचं आणि मागची वाचायची. एकदा खारं पाणी बसलं की त्या शेतात पुढची काही वर्षं भात धड येत नाही, म्हणून आतले बांध ते मोठ्या बांधाइतकेच जपायचे.

तुमच्याकडे आतले बांधच नाहीत. मोठ्या संस्थांचंही हेच झालेलं आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये रॅन्समवेअर शिरलं, म्हणजे माहितीला कुलूप लावून किल्लीसाठी पैसे मागणारं सॉफ्टवेअर. पाच सर्व्हर, म्हणजे सगळ्यांची माहिती ठेवणारे मुख्य संगणक, आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती त्यात अडकली आणि जवळजवळ दोन आठवडे तिथली कामं कागदावर चालली. सरकारने संसदेत या प्रकाराचं जे कारण दिलं, ते नेटवर्कची नीट विभागणी नसणं हे होतं.

एम्स लांब राहिलं, मी माझंच सांगते. काही वर्षांपूर्वी मी एका छोट्या रुग्णालयाचं नेटवर्क बांधलं. मालकांना खर्च कमी हवा होता. विभागणी पुढच्या वर्षी करू, असं म्हणून मी सगळी यंत्रं एका स्विचवर, म्हणजे केबली एकत्र जोडणाऱ्या एका डब्यावर, जोडून दिली. पुढे हिशेबनिसाला घरून काम करता यावं म्हणून कुणीतरी राउटरमध्ये ३३८९ हे पोर्ट उघडून ठेवलं. विंडोजचा संगणक दुरून चालवायचं ते दार आहे, आणि अशी उघडी दारं शोधत फिरणारी सॉफ्टवेअरं दिवसरात्र चालू असतात. पासवर्ड होता रुग्णालयाचं नाव आणि पुढे १२३. एका रविवारी रात्री हिशेबाचा संगणक गेला, त्याच्यामागून नोंदींचा सर्व्हर गेला, आणि सर्व्हरला कायमची लावून ठेवलेली बॅकअपची हार्ड डिस्कही गेली. सोमवारी सकाळी एक आजी थायरॉइडच्या गोळीचा डोस विचारायला आल्या. आधीचे रिपोर्ट त्यांच्याकडे नव्हते, आणि आता रुग्णालयाकडेही नव्हते. मी तिथेच स्विचच्या पेटीशेजारी उभी होते. ते पोर्ट मी उघडलं नव्हतं, पण आतले बांध घालायचं काम माझं होतं आणि ते मी केलं नव्हतं. तेव्हापासून विभागणीशिवाय मी एकही काम घेत नाही, मग गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल.

आता कागद. डाव्या बाजूला तुमच्याकडच्या प्रत्येक यंत्राचं नाव लिहा, तीच नावं वरच्या ओळीत लिहा, आणि प्रत्येक चौकोनात एकच गोष्ट विचारा : याला त्याच्याशी बोलायची खरंच गरज आहे का? रिसेप्शनला सर्व्हरची, म्हणजे तुमच्या जिन्याखालच्या संगणकाची, गरज आहे. मेडिकललाही आहे. कॅमेऱ्याला सर्व्हरशी काय बोलायचंय? काहीच नाही. सोनोग्राफीच्या यंत्राला इंटरनेट हवं का? नको. नातेवाइकाच्या फोनला तुमच्या घरातलं काय हवं? फक्त बाहेर जायचा रस्ता. बहुतेक चौकोनांत ‘नाही’ येईल. तो कागद म्हणजेच तुमचा आराखडा. पुढे करायचं ते फक्त त्याची नक्कल यंत्रांत उतरवणं.

तुमच्या वर्णनावरून मला पाच भाग दिसतात : नोंदींचा सर्व्हर, कर्मचाऱ्यांचे संगणक, तपासणीची यंत्रं, कॅमेरे आणि पाहुण्यांचं वायफाय. यासाठी साधा स्विच काढून मॅनेज्ड स्विच बसवा. त्यात एकाच डब्याचे पाच वेगळे स्विच असल्यासारखे भाग करता येतात. त्या भागांना व्हीएलएएन म्हणतात. फायरवॉलला दिलेल्या किमतीच्या छोट्याशा हिश्शात हे होतं.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात चांगले शिकलेले लोकही पडलेले मी पाहिलेत. व्हीएलएएन पाडले, प्रत्येकाला वेगळे पत्ते दिले, कागदोपत्री विभागणी झाली. पण या भागांना जोडणारा राउटर मुळात जोडण्यासाठीच बनवलेला असतो. नियम घातले नाहीत तर तो एका भागातलं बोलणं दुसऱ्या भागात निमूट पोचवतो. बांध दिसतो, पण जागोजागी मोकळा. म्हणून पहिला नियम ‘सगळं बंद’ असा घालायचा आणि मग कागदावरचे ‘हो’ एकेक करून उघडायचे. रिसेप्शनवरून सर्व्हरकडे जाताना रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरला लागतं तेवढंच पोर्ट उघडा. फायली वाटून घ्यायचं ४४५ पोर्ट बंद ठेवा. काम करून देणाऱ्याला सांगा, पाहुण्यांच्या वायफायवर फोन जोडून माझ्यासमोर सर्व्हर उघडायचा प्रयत्न करा. उघडला, तर पैसे देऊ नका.

४४५ वर माझा राग आहे त्याला कारण आहे. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर पसरलं ते याच दारातून. एका संगणकात शिरलं की शेजारच्यात, कुणी काही क्लिक न करता. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया आणि भेटी रद्द कराव्या लागल्या. विंडोजमधल्या ज्या त्रुटीतून ते शिरलं, तिच्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. दोन महिने होते हातात.

तुम्ही म्हणाल, मग आम्ही दुरुस्त्या बसवत राहू. संगणकांवर जरूर बसवा, पण सोनोग्राफीच्या यंत्राचं काय? अशा यंत्रांत आत विंडोजच असतं, पुष्कळदा जुनं, आणि त्याला हात लावला तर देखभालीचा करार जाईल असं कंपनी सांगते. विंडोज ७ ची मदत १४ जानेवारी २०२० ला संपली, विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ ला. चांगलं चालणारं लाखो रुपयांचं यंत्र तेवढ्यासाठी फेकता येत नाही, आणि फेकूही नये. त्याला स्वतःच्या बांधात ठेवा. चित्रं पाठवायला ही यंत्रं डायकॉम नावाची पद्धत वापरतात, बहुधा १०४ क्रमांकाच्या पोर्टवरून. तेवढी एक वाट सर्व्हरकडे उघडी, बाकी चहूबाजूंनी बंद, इंटरनेट अजिबात नाही. कंपनीचा माणूस दुरुस्तीला आला की तेवढ्यापुरतं उघडा आणि तो गेला की बंद करा.

कॅमेऱ्यांचंही तसंच, फक्त थोडं जास्त कडक. २०१६ मध्ये मिराई नावाच्या सॉफ्टवेअरने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच्याकडे होती कारखान्यातून येणाऱ्या पासवर्डांची साठेक जोड्यांची यादी, बस. तुमच्या सीसीटीव्हीवाल्याने बसवताना पासवर्ड बदलला होता का, हे आजच्या आज विचारा.

उघाडीची उपमा एका जागी अपुरी पडते, तेही सांगायला हवं. उघाडी बाहेर जाणाऱ्या पाण्याला अडवत नाही. नेटवर्कमध्ये मात्र बाहेर जाणाऱ्यावरही पहारा हवा, कारण आता माहितीला कुलूप लावण्याआधी ती चोरून नेतात. तुमच्या सर्व्हरला इंटरनेटवर दोन-तीन ठिकाणीच जायचं असतं : दुरुस्त्या आणायला आणि बॅकअप पाठवायला. तेवढेच पत्ते लिहून द्या. मध्यरात्री सर्व्हर भलत्याच पत्त्याकडे गठ्ठे पाठवू लागला तर फायरवॉलने अडवावं आणि तुमच्या फोनवर निरोप द्यावा. तुमच्या १,८०,००० चा खरा उपयोग इथे आहे.

आणि डॉक्टर, ही माहिती काय आहे ते तुम्ही माझ्याहून चांगलं जाणता. क्षयाचा रिपोर्ट, एचआयव्हीचा रिपोर्ट, एखाद्या मुलीची गर्भचाचणी. आपल्याकडे रिसेप्शनवरची मुलगी, रुग्ण आणि मेडिकलमधला मुलगा एकाच वाडीतले असतात. मुंबईत फुटलेली माहिती गर्दीत हरवते, वाडीत फुटलेली त्या बाईला जन्मभर पुरते. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि पासवर्ड द्या. रिसेप्शनला नाव, वेळ, बिल दिसावं, रिपोर्ट दिसू नये. कुणी कोणती फाइल कधी उघडली याची नोंद राहावी. सगळ्यांनी मिळून एकच ‘अॅडमिन’ वापरणं आजपासून बंद.

जिन्याखालचा संगणक तिथून हलवा. कुलपाच्या कपाटात, वरच्या मजल्यावर. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं, त्यानंतर मी आठवडाभर चिखलातून संगणक काढत होते. काही ठिकाणी सर्व्हर खालच्या मजल्यावर आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात होती. २००५ चा पूर पाहिलेल्या लोकांची ती दुकानं होती.

बॅकअपबद्दल मला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तिचा एक धागा आमच्या बाजूचा आहे. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचं सॉफ्टवेअर युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटलं आणि मर्स्क या जहाज कंपनीत शिरलं. आमच्या रायगडातल्या न्हावाशेवा बंदरात तिच्या समूहाचं जे टर्मिनल आहे, तिथलंही काम ठप्प झालं. कंपनीला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. कर्मचाऱ्यांची ओळख पटवणारे सर्व्हर जगभर होते, सगळे एकमेकांची नक्कल ठेवायचे आणि सगळेच एकदम गेले. वाचला एक, आफ्रिकेतल्या घानामधला, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती. जाळ्यापासून तुटलेल्या त्या एका यंत्रातून बाकीचं जाळं पुन्हा उभं राहिलं. कायम जोडलेली प्रत म्हणजे बॅकअप नव्हे, असं मी सांगते ते यामुळे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारांच्या साधनांवर, एक गावाबाहेर. आणि त्यातली एक केबल काढून ठेवलेली. दोन डिस्क घ्या, आठवड्याला अदलाबदल करा, एक घरी न्या. डिस्कला पासवर्डाचं कुलूप म्हणजे एन्क्रिप्शन घाला, नाहीतर ती एसटीत विसरली की सगळं तालुक्याच्या हातात. तीन महिन्यांतून एकदा त्या डिस्कवरून एक फाइल परत काढून पाहा.

छोट्या गोष्टी भराभर सांगते. मागच्या इमारतीतल्या लॅबपर्यंत तांब्याची केबल असेल तर ती काढून फायबर टाका. वैशाखातल्या विजेने एका बाजूची लाट दुसऱ्या बाजूच्या स्विचमध्ये नेलेली मी खूपदा पाहिली आहे. खाऱ्या हवेने केबलच्या टोकांवर हिरवं चढतं, दर दिवाळीला ती टोकं तपासा. प्रतीक्षागृहाच्या भिंतीतलं नेटवर्कचं रिकामं सॉकेट स्विचमधून बंद करा. आणि प्रिंटरला कागदावर जागा द्या; त्याला सगळे विसरतात, आणि रिपोर्ट त्याच्यातून जातात.

प्रश्न : मी एका ग्रामीण पतसंस्थेचा सचिव आहे. चार शाखा, साडेतीन हजारांवर सभासद. आमचं सॉफ्टवेअर पुण्याच्या कंपनीचं. त्यांचा माणूस कधीही दुरून आमच्या संगणकात येऊन दुरुस्ती करतो. त्यासाठी रिमोटचं सॉफ्टवेअर कायम चालू असतं आणि त्याचा पासवर्ड ठरलेला आहे. एका संचालकांनी यावर हरकत घेतली. काम अडू न देता काय करता येईल?

उत्तर : सचिवसाहेब, त्या संचालकांचे आभार माना. तो ठरलेला पासवर्ड कंपनीतल्या किती जणांना माहीत आहे? नोकरी सोडून गेलेल्यांना माहीत असेल का? तुमच्याकडे याचं उत्तर नाही, आणि कंपनीकडेही नसणार. त्यांनी दहा पतसंस्थांना तोच पासवर्ड दिलेला असणं मला अगदी शक्य वाटतं. मी ते एका ठिकाणी डोळ्यांनी पाहिलं आहे.

कायमचं चालू असलेलं ते सॉफ्टवेअर काढा. त्याऐवजी फायरवॉलवर व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून आत यायची बंदिस्त वाट, ठेवा. दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येक माणसाला त्याच्या नावाचं वेगळं खातं द्या, आणि पासवर्डासोबत फोनवर येणारा दुसरा आकडा सक्तीचा करा. खातं एरवी बंदच. त्यांचा फोन आला की तुमच्या शाखेतल्या माणसाने ते दोन तासांसाठी उघडायचं आणि वहीत लिहायचं : कोण, कशासाठी, किती वाजता. आत आलेला माणूस फक्त सॉफ्टवेअरच्या सर्व्हरपर्यंत पोचेल, कॅशियरच्या संगणकापर्यंत नाही. पहिले पंधरा दिवस कंपनी कुरकुर करेल. करू द्या.

शाखा एकमेकींशी जोडताना त्यांच्यातही बांध घाला. एका शाखेतून दुसऱ्या शाखेचे संगणक दिसायची गरज नाही, सगळ्यांना मुख्य सर्व्हर दिसला की पुरे. आणि जिल्हा बँकेत पैसे पाठवायचा संगणक वेगळा ठेवा. त्यावर मेल नको, वॉट्सअॅप नको, पेन ड्राइव्ह नको. रक्कम भरणारा एक आणि मंजुरी देणारा दुसरा. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी रुपये गेले, ते दोन-तीन दिवसांत. एटीएमच्या व्यवहारांना होकार देणारी यंत्रणाच चोरांनी बनावट उभी केली होती. एवढ्या मोठ्या बँकेत हे होतं, तर साडेतीन हजार सभासदांच्या ठेवींसाठी दोन सह्यांचा त्रास जास्त नाही.

नियमही ठाऊक असू द्या. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार असा हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवावा लागतो, आणि यंत्रांच्या नोंदी म्हणजे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. हे लॉग त्याच सर्व्हरवर ठेवू नका, चोर जाताना ते पुसतो. पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला १९३० ला फोन करा, सभा बोलवायच्या आधी.

प्रश्न : आमचं मालवणजवळ पाच खोल्यांचं होमस्टे आहे. पाहुण्यांच्या आधार कार्डाचे फोटो मी माझ्या फोनवर वॉट्सअॅपने मागवते. वायफाय घराचं आणि पाहुण्यांचं एकच आहे. एवढ्याशा व्यवसायाला नेटवर्कची आखणी लागते का?

उत्तर : लागते, ताई, पण तुमची अर्ध्या तासात होईल. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ असतं ते चालू करा, त्याला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड द्या, आणि पाहुण्यांना फक्त तोच सांगा. घरचा पासवर्ड आज बदला, कारण गेल्या हंगामातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये तो आहे. राउटरच्या आत शिरायचा पासवर्ड वेगळा असतो, तोही बदला. बहुतेकांचा तो राउटरच्या पाठीवर छापलेला असतो आणि तुमचा राउटर पडवीत, पाहुण्यांच्या हाताशी असणार.

आधारचे फोटो हा तुमचा खरा धोका. तीन वर्षांचे पाहुणे म्हणजे काही शे कुटुंबांची कार्डं तुमच्या फोनच्या गॅलरीत पडलेली, आणि तो फोन मुलं खेळायला घेतात. पाहुण्यांना मास्क्ड आधार पाठवायला सांगा. त्यात शेवटचे चारच अंक दिसतात आणि ते आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून मिळतं. पोलीस ठाण्याला कोणती नोंद किती काळ लागते ते तुमच्या ठाण्यात विचारून घ्या आणि तेवढीच ठेवा. मुदत संपलेले फोटो वॉट्सअॅपमधून, गॅलरीतून आणि गुगल फोटोजमधूनही काढा. तिन्ही ठिकाणी वेगवेगळं पुसावं लागतं, आणि गुगल फोटोजची कचरापेटी वेगळी रिकामी करावी लागते.